हितसंबंध

रात्री बाराला खिडकी बंद होते.
परिषदेची. बांबोळीच्या वॉर्डातली उघडीच असते,
तिची कडी गेल्या वर्षी निखळली.

मर्यादा अडीचशे शब्दांची. माझे तीनशे सहा.
कुएल्यो सर फोनवर सांगतात, विशेषणं काढ.
विशेषणं नव्हतीच, सर.
मग क्रियापदं काढ, म्हणतात, आणि जेवायला बसतात.
ताटलीवर काटा वाजतो.

'फॉल फ्रॉम हाइट'ला तीन शब्द जातात.
आमच्याकडे 'माडावरून' एवढंच म्हटलं
की पुढचं कोणी विचारत नाही.

उद्देश: पाडेल्यांच्या मणक्यांच्या दुखापती.
पाच वर्षं. एकूण त्रेचाळीस. पुरुष त्रेचाळीस.
हे वाक्य मला आवडतं,
त्यात कापण्यासारखं काही नाही.

पद्धत: केसपेपर, तळघरातल्या दमट कपाटातले.
काहींचा सारांश वाळवीने आधीच करून ठेवलेला.

निष्कर्ष जॉयसनने काढले.
चवथीच्या आधीच्या पंधरवड्यात पडणारे जास्त,
पी-मूल्य शून्य दशांश शून्य तीन.
त्या आकड्यावर आम्ही कँटीनमध्ये
भाजी-पाव खाल्ला, वर एकेक मिरची भजी.
तेव्हा घराघरात नारळ हवे असतात
आणि खोडं अजून शेवाळलेली असतात.
हे कुठल्याही पाडेल्याने फुकट सांगितलं असतं,
पण त्याला पी-मूल्य नसतं.

दोनशे अठ्ठेचाळीस. बसलं.
'सुरक्षा पट्टा उपलब्ध नव्हता' मधलं 'उपलब्ध' गेलं,
'कुटुंबातील एकमेव' हे दोन्ही गेले.

मग शेवटचं पान.
*लेखकांपैकी कोणाचे हितसंबंध गुंतले आहेत का?*
औषध कंपनी, मानधन, समभाग, प्रवासखर्च.
दोन गोल. 'नाही' आधीच भरलेला,
पुढे जा म्हणणारं बटण निळं.

रांग सतरा. वय बावन्न. बारावा मणका.
दुर्भाटचं आमचं भाट, नदीकडचा उभा माड.
फोंडू म्हणाला, फाल्यां चडटां, खोड ओलें आसा.
बाबा म्हणाले, फाल्यां माटोळी बांदपाची.
एवढंच. आवाजसुद्धा चढला नव्हता कोणाचा.
फोंडूने विडी कानामागे खोचली.
मी इंटर्न, सुट्टीवर आलेली,
खाली उभी राहून नारळ मोजत होते.
अठ्ठावीस.
त्यानंतरचा आवाज नारळाचा नव्हता.

मान मी धरली, शिकवली होती तशी,
फोंड्यापर्यंत टेंपोत, मग बांबोळीपर्यंत.
माटोळी त्या वर्षीही बांधली. कमी बांधली.

कोष्टक तीन, तळटीप:
पाठपुराव्यात हरवलेले रुग्ण, तीन.
फोंडू त्यांत धरलाय, कारण ओपीडीत परत आला नाही.
तो हरवलेला नाही.
आमच्या फाटकापासून दुसरं घर,
दारात चाकांच्या खुर्चीवर बसून
चुडतांचे हीर काढतो, झाडू बांधतो.
आई त्याच्याकडूनच घेते, दहा रुपये जास्त देऊन,
आमच्याकडे झाडू सहा झालेत.
मला बघून हाक मारतो, दोतोर बाय, परिक्षा जाली?
जाली, म्हणते. गाडी थांबवत नाही.

सरांना विचारलं.
अगं, ते औषध कंपन्यांसाठी असतं, म्हणाले,
आणि खरंच तसंच असतं.
जॉयसनचा निरोप: पाठवलंस का? आणि एक बोट वर केलेलं.

'होय'वर टिचकी मारली.
खाली एक चौकट उघडली:
पन्नास शब्दांत स्पष्ट करा.

'माटोळी' लिहून बघितलं. खाली लाल रेघ आली.
पुसलं.
'वडील' लिहिलं, पुसलं.

झाड आमचं होतं.
इंग्रजीत त्याचे चार शब्द झाले.
शेहेचाळीस शिल्लक, चौकटीखालचा आकडा सांगतो.
अकरा वाजून बावन्न मिनिटं.